अर्डिथला पेलेल एवढी बोट

आमच्या तळ्यावर दोन पंथ आहेत, नायट्रोवाले आणि पेट्रोलवाले. जेवायला एकाच टेबलावर बसतात, एकमेकांच्या नातवंडांचे वाढदिवस लक्षात ठेवतात, पण एकमेकांच्या इंधनाला बोट लावणार नाहीत. मी दोघांतलाही नाही. मी होडी वल्हवतो.

तळं म्हणजे खडीची जुनी खाण, आता पाण्याने भरलेली, तिन्ही बाजूंनी मका. रविवारी आम्ही तिथे जमतो आणि हातभर लांबीच्या बोटींच्या शर्यती लावतो. मालक काठावरच्या मचाणावर बोट चालवायचं रेडिओचं खोकं घेऊन उभे राहतात आणि बोटी पाण्यावरच्या नारिंगी गोळ्यांभोवती घोंगावत फिरतात. त्यांतली एखादी मध्येच बंद पडते. बंद पडली की ‘मेली’ म्हणायचं. शर्यत संपली की मी माझी पत्र्याची होडी काढतो आणि मेलेल्या बोटी गोळा करून ज्याच्या त्याच्या हवाली करतो. मला स्वतःला बोट चालवता येत नाही. एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा ती सरळ कोल्ड्रिंकच्या पेटीत घुसली.

मेलेल्या बोटीला आमच्यात मोठा मान आहे. ती जिथे तरंगत असेल तिथून बाकीच्यांनी वळसा घालून जायचं. तिला धक्का लागला तर धक्का देणारा बाद. मी तिला उचलून होडीत घेईपर्यंत ती शर्यतीतच आहे असं धरतात. जिवंतपणी जिला कुणी वाट देत नाही तिला मेल्यावर तरी मिळते, असं मी म्हणतो, आणि दर वेळी मीच एकटा हसतो.

वेंडेल क्राउस हा नायट्रोवाल्यांचा म्होरक्या. उंच, खांद्यात वाकलेला, बोटं लांबसडक. आमच्या गावात बँडची पितळी वाद्यं बनवण्याचा कारखाना होता तेव्हा तो तिथे ट्रंपेटच्या तोंडाला डाख द्यायचं काम करी. स्वतःला एक सूर वाजवता येत नाही. पण नळीतून हवा कशी जाते आणि कुठे अडते हे त्याला हातानेच कळतं. कारखाना बंद झाला, तो घरी बसला, आणि बोटींच्या इंजिनांना एक्झॉस्टच्या नळ्या बनवायला लागला. त्या नळ्या लावल्या की इंजिन जे काही किंचाळतं, त्याला वेंडेल गाणं म्हणतो.

“पेट्रोलचं इंजिन भुंकतं,” तो म्हणायचा. “नायट्रो गातं. ज्याला कान आहेत त्याला समजेल.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझी होडीसुद्धा म्हणून दाखवेल.

खरं सांगायचं तर नायट्रो ही मोठी कटकट आहे. त्याचं इंधन म्हणजे मेथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल. होय, तेच एरंडेल, जे लहानपणी आमची नाकं दाबून आमच्या घशात ओतलं जायचं. इंधन महाग, इंजिन नाजूक, आणि स्वभाव तर विचारू नका. हवा दमट झाली की रुसतं, ऊन पडलं की चिडतं. कार्ब्युरेटरची सुई केसभर फिरवायची, कान लावून ऐकायचं, परत केसभर फिरवायची. शर्यत संपल्यावर टाकी रिकामी करून आत तेलाचे थेंब सोडले नाहीत तर आठवड्यात आतून गंज. उलट पेट्रोलचं इंजिन म्हणजे गवत कापायच्या यंत्रातून काढलेलं. दोरी ओढा, चालू. पंपावरचं पेट्रोल घाला, थोडं ऑइल मिसळा, दिवसभर पळवा. म्हणून आमचे एकेक शहाणे लोक नायट्रो सोडून पेट्रोलकडे गेले, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही.

पेट्रोलवाल्यांचा पुढारी हार्लन. हा वेंडेलचा मेहुणा, म्हणजे अर्डिथचा धाकटा भाऊ. जन्मभर दुधाचा टँकर चालवला. पोट टँकरच्याच आकाराचं, आवाज त्याहून मोठा, आणि दोन्ही गुडघे बदललेले. रविवारी सकाळी तो गाडीतून उतरायचा तोच ओरडत.

“काय रे एरंडेलवाल्या, आज इंजिनाचं पोट साफ झालं का?”

“झालं. तू ते गवत कापायचं यंत्र पाण्यात टाकू नकोस. मासे हसतात.”

“हसू देत. हसतात म्हणजे जिवंत आहेत. तुझ्या धुराने मेले असते.”

“अरे जा! तुझी बोट सुरू झाली की मकेवाल्याला वाटतं ट्रॅक्टर बिघडला.”

हे झालं की दोघं अर्डिथच्या थर्मासमधली कॉफी प्यायचे आणि मग आपापल्या तंबूत जायचे.

आता अर्डिथ. तिच्याविना वेंडेलची गोष्ट सांगणं म्हणजे एका वल्ह्याने होडी चालवणं, नुसतं गोल फिरायला होतं.

आमच्या खेळात एका माणसाचं चालत नाही. चालवणारा वर मचाणावर असतो, तेव्हा खाली काठावर कुणीतरी इंजिन पेटवून बोट पाण्यात फेकावी लागते. वेंडेलची बोट अर्डिथ फेकायची. इंजिन पेटलं की मागचा पंखाही लगेच फिरायला लागतो, मध्ये क्लचबिच काही नसतो. असली किंचाळणारी बोट दोन्ही हातांनी उचलायची, पंखा अंगापासून लांब ठेवायचा, घोटाभर पाण्यात उतरायचं आणि पाण्यावर सपाट सोडून द्यायची. नाक आधी टेकलं तर बुडते, शेपूट आधी टेकलं तर उलटते. अर्डिथ चणीने लहान, वेणी पांढरी, डाव्या अंगठ्यावर पंख्याने दिलेली खूण. पण तिने फेकलेली बोट पाण्याला अशी लागायची की शिंतोडाही उडत नसे. मी होडीतून नेहमी तेवढंच बघायचो, पुढची शर्यत बघितली नाही तरी चाले.

ती हे शिकली तो दिवस मला आठवतो. वेंडेलचा तेव्हाचा जोडीदार आला नव्हता. अर्डिथ चर्चमधून परस्पर आलेली, अंगात निळा फ्रॉक, हातात अंड्यांचं ताट. वेंडेल हताश होऊन बसला होता. तिने ताट माझ्या हातात दिलं, बूट काढले आणि म्हणाली, “कसं धरायचं ते दाखव.” पहिलीच फेक सपाट. फ्रॉकवर एरंडेलाचा फवारा उडाला तो कधी गेला नाही. पुढे ती तोच फ्रॉक घालून तळ्यावर यायला लागली. वेंडेल मचाणावरून शर्यत सोडून तिच्याकडेच बघत राहिला होता आणि त्याची बोट गवतात जाऊन अडकली. ती मीच काढली.

तेव्हापासून ते दोघं म्हणजे एक माणूस होतं. तिच्या केसांना रविवारी संध्याकाळी जळलेल्या एरंडेलाचा वास यायचा. वेंडेल म्हणायचा की सोमवारी उशीलाही येतो, आणि हे सांगताना लाजायचा.

एका हिवाळ्यात माझ्या एका चुलतभावाची पेट्रोलची बोट माझ्याकडे आली. मला तिचा काय उपयोग? मी वेंडेलला गॅरेजात बोलावलं.

“घेऊन जा,” म्हटलं. “फुकट आहे. तुझ्या गाण्यातलं मला कळत नाही, पण नायट्रोच्या शर्यतीला आता चार बोटीसुद्धा मोठ्या मुश्किलीने जमतात. उद्या शर्यतीतला नायट्रोचा वर्गच बंद झाला तर काय करशील?”

मला वाटलं तो भुंकणं आणि गाणं सुरू करेल. त्याने नुसती बोट उचलली. पेट्रोलचं इंजिन जड, त्याचं चाक जड, त्याला पेलायला बोटीचा सांगाडाही जड. त्याने ती छातीपर्यंत नेली, हात लांब करून धरली आणि सावकाश खाली ठेवली.

“एमेट, हे अर्डिथच्याने उचलवेल का?”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मी पेट्रोलकडे गेलो तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. हार्लनच्या शेजाऱ्याचा पोरगा आहे, दंड बघितलेस त्याचे? तो फेकेल. आणि अर्डिथ खुर्ची टाकून बसेल. एक रविवार बसेल, दोन बसेल, मग म्हणेल घरी काम आहे.” त्याने हात पँटला पुसले. “मला तिथे वरून खाली बघितल्यावर ती दिसली पाहिजे. बाकी पेट्रोल वाईट नाही. चांगलं इंजिन आहे.”

“मग गाणं?”

“गाणं आहेच रे. पण गाण्यासाठी कोण एवढी कटकट करेल?” आणि मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाला, “तिला कळता कामा नये. कळलं तर उद्याच्या उद्या स्वतः पेट्रोलची बोट विकत आणेल आणि म्हणेल, माझ्यासाठी थांबू नकोस.”

मी शब्द दिला. असला शब्द पोटात ठेवणं एरंडेलापेक्षा कठीण असतं, पण ठेवला.

माझी जीभ काळी म्हणतात ते उगाच नाही. त्याच हिवाळ्यात क्लबची सभा भरली, चर्चच्या तळघरात, ‘पाय’ नावाची साखर-सायीची गोड पेस्ट्री खात. बर्निस आमची अध्यक्ष. पूर्वी शाळेचं स्वयंपाकघर सांभाळायची आणि आम्हालाही तसंच सांभाळते, कुणाला दुसरा तुकडा मिळणार आणि कुणाला नाही हे तिच्या डोळ्यांवरून समजतं. ती म्हणाली, “मूठभर बोटींसाठी मी अख्खा वर्ग चालवणार नाही. नायट्रोला हा हंगाम देते. शेवटच्या रविवारी सुरुवातीचा भोंगा वाजेल तेव्हा पाण्यात चार बोटी असल्या तर पुढच्या वर्षी नायट्रो आहे. नाहीतर नाही.”

“चार कशाला? तीन...” वेंडेल उठला.

“चार, वेंडेल. तिघांत बक्षीस सगळ्यांनाच मिळतं. ती शर्यत नाही, वाढदिवस आहे.”

सगळे हसले. वेंडेल एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसला. अर्डिथ त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी माझ्या पेस्ट्रीच्या तुकड्याकडे बघत होतो.

नायट्रोच्या बोटी तेव्हा नेमक्या चार होत्या. एक वेंडेलची, दोन शेजारच्या गावातल्या प्रुइट भावांच्या, आणि चौथी एका माणसाची, जो जुलैमध्ये बायकोच्या दुखऱ्या सांध्यांसाठी फ्लोरिडाला राहायला गेला. राहिल्या तीन. वेंडेलने फोन केले, लोकांच्या घरी गेला, स्वतःच्या नळ्या फुकट द्यायला निघाला. लोक कॉफी पाजायचे, कारखान्याच्या आठवणी काढायचे आणि नाही म्हणायचे. दर रविवारी तो थोडा जास्त वाकलेला दिसायचा. हार्लनने टोमणा मारला तरी उत्तर अर्धवटच द्यायचा.

शेवटच्या आधीच्या रविवारी हार्लन त्याच्या तंबूत शिरला. मी तिथे बसून अंडी खात होतो.

“तुझ्याकडे ती जुनी पिवळी बोट आहे ना? ती मला दे. पुढच्या रविवारी मी चालवतो.”

वेंडेलने पाना खाली ठेवला. “तू? नायट्रो?”

“हो. तोंड बंद कर, माशी जाईल.”

“दया करतोयस होय रे माझ्यावर?”

“दया गेली खड्ड्यात! तुझा वर्ग बंद झाला आणि तू घरी बसलास तर मी रविवारी भांडू कुणाशी? या प्रुइटांशी? त्यांना शिवी दिली तर ‘थँक यू’ म्हणतात.”

वेंडेल बराच वेळ खोकल्यासारखं करत होता. मग म्हणाला, “फेकायला कोण? तुझा तो दंडवाला पोरगा नायट्रोला हात लावायला घाबरतो.”

“माझी बहीण मेली का?” हार्लन म्हणाला. “तुझी फेकून झाली की माझी फेकेल.”

अर्डिथ बाहेर बोटी पुसत होती. हार्लनने आतूनच विचारलं, तिने बाहेरूनच “बरं” म्हटलं.

शेवटचा रविवार. मका वाळलेला, ऊन स्वच्छ, वारा पश्चिमेचा. मी होडी काठाला लावून बसलो होतो. बर्निसने भोंग्यावर उलटी गणती लावली. आमच्याकडे ही गणती चालू असताना बोटी पाण्यात सोडतात, त्या गोल फिरत राहतात आणि शून्याचा भोंगा वाजला की सुरुवातीची रेघ ओलांडतात.

वेंडेल आणि प्रुइट भाऊ मचाणावर. अर्डिथने वेंडेलचं इंजिन पेटवलं, बोट उचलली, घोटाभर पाण्यात गेली आणि सोडली. शिंतोडा नाही. प्रुइटांच्या दोन्ही बोटीही सुटल्या. तीन झाल्या. ती तशीच ओल्या पायांनी हार्लनच्या पिवळ्या बोटीकडे धावली.

हार्लनने तोवर टाकी भरून ठेवली होती. बदललेल्या गुडघ्यांवर कसाबसा टेकून तो स्टार्टर लावत होता. स्टार्टर घरघरला, इंजिन फिरलं, पेटलं नाही. परत घरघर, परत नाही.

“प्लग बघ!” वेंडेल वरून ओरडला. त्याची बोट पाण्यात, हातात खोकं, खाली उतरता येईना.

“प्लग लालभडक आहे! तुझं इंजिनच मढं आहे!”

“सुई उघड! जास्त!”

“किती उघडू, हातात आली आता!”

गणती चालूच होती. मचाणावर वेंडेलचा चेहरा मला होडीतून दिसत होता. तो बोटीकडे बघत नव्हता, अर्डिथकडे बघत होता.

अर्डिथ बोटीवर वाकली. तिने स्टार्टर हार्लनच्या हातून घेतला आणि लावायच्या आधी थांबली. तिने टाकीजवळ नाक नेलं, मग हार्लनच्या शेजारी ठेवलेल्या कॅनकडे बघितलं, मग हार्लनकडे. नायट्रोचं इंजिन ज्या प्लगने पेटतं त्याने पेट्रोल जन्मात पेटत नाही. त्या बाबाने सवयीने स्वतःचाच कॅन उचलून टाकी भरली होती. इतकी वर्षं एकमेकांच्या इंधनाला न शिवण्याचं फळ! सगळ्या काठावर दोन्ही धुरांचा वास भरलेला असतो, म्हणून तोवर कुणाच्या नाकात शिरलं नव्हतं. टाकी उपसून, आतलं धुऊन परत भरायला वेळ कुठला?

“काय झालं?” हार्लन म्हणाला.

“काही नाही. तू वर जा. खोकं घे हातात.”

“अगं, पण चालू...”

“हार्लन, वर जा!”

तो लंगडत गेला. अर्डिथने ती गप्प पडलेली पिवळी बोट उचलली, पाण्यात उतरली, आणि जिवंत बोट फेकावी तशीच, सपाट, सोडून दिली. बोट थोडी घसरत गेली आणि तरंगत उभी राहिली. अर्डिथने वळून बर्निसकडे बघितलं.

“मोज गं,” ती म्हणाली.

भोंगा वाजला. बर्निसने बोटाने मोजलं. वेंडेलची, प्रुइटांच्या दोन, आणि ती पिवळी. एका पेट्रोलवाल्याने विचारलं, “मेलेली धरायची का?” बर्निस म्हणाली, “आपण मेलेली कधी धरली नाही? एमेट उचलेपर्यंत ती शर्यतीत असते. चार.”

मग शर्यत झाली, आणि मी आयुष्यात अशी शर्यत बघितली नव्हती. हार्लन मचाणावर इमानदारीने खोकं धरून उभा. बोट मेलेली, पण तिचं सुकाणू बॅटरीवर चालतं, त्यामुळे तो खोक्यावरचं चाक फिरवेल तसं ते इकडून तिकडे हलत होतं. काठावरून लोक ओरडत होते, “हार्लन, वळव! हार्लन, गती सांभाळ!” आणि तो ओरडत होता, “अरे बघताय काय, अजून कुणी मला धक्का मारला नाही!” वाऱ्याने ती बोट हळूहळू लोटत आणली ती नेमकी शेवटच्या वळणावर, आतल्या बाजूला, जिथून वेंडेल नेहमी काढतो.

वेंडेल पहिला होता. शेवटच्या फेरीत थोरला प्रुइट त्याच्या मागे, जवळ. आतून गेला असता तर जिंकला असता, पण पिवळी बोट तिथे डुलत होती. वेंडेलने मोठा वळसा घेतला, इतका मोठा की प्रुइट सहज पुढे गेला. थोडं धाडस केलं असतं तर मधून निघालाही असता, पण धक्का लागला असता तर? त्या बोटीला त्या दिवशी तो बोट लावणार नव्हता. दुसरा आला.

मी होडी काढली. पिवळी बोट उचलून मांडीवर घेतली तेव्हा पेट्रोलचा वास भस्सकन आला. मी टाकीची नळी चिमटून बोट टॉवेलात गुंडाळली. पण आमच्याकडे शर्यतीनंतर बोटी अध्यक्षांना दाखवायच्या असतात. बर्निसने टॉवेल बाजूला केला, वाकली, आणि तिच्या भुवया वर गेल्या. ज्या बाईला दूध नासायला लागलंय हे दुसऱ्या खोलीतून कळायचं तिला पेट्रोल कळणार नाही? वेंडेल आणि हार्लन दोघं समोर उभे होते. अर्डिथ काठावर बसून पाय पुसत होती.

“मला आज सर्दी झालीय,” बर्निस म्हणाली. “ने ही बोट इथून.”

हार्लनला कारण तेव्हा कळलं. त्याने स्वतःच्या कॅनकडे बघितलं, बोटीकडे बघितलं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मी म्हणतोच आहे, नायट्रोचं इंजिन भिकार!”

मी बोट परत द्यायला वेंडेलच्या तंबूकडे गेलो. तो इंजिनात तेलाचे थेंब सोडत होता. अर्डिथ गाडीच्या मागच्या फळीवर बसून उजवा खांदा दाबत होती.

“तुझ्या भावाच्या मढ्याने माझी शर्यत घालवली,” वेंडेल म्हणाला, पण चेहरा बघाल तर लग्नाच्या दिवसाचा.

“मढं नसतं तर वर्गच नसता.”

“तेही आहेच.”

तिने परत खांदा दाबला. “वेंडेल, पुढच्या वर्षी बोट जरा हलकी बांध.”

“का? वेग बघितलास ना तिचा?”

“खांदा दुखतो.”

तेलाची बाटली त्याच्या हातात तशीच राहिली. “कधीपासून?”

“बरेच दिवस.”

“बोलली नाहीस ती!”

“तू तरी कुठे बोललास? मागच्या वर्षी मी हार्लनच्या गॅरेजात त्याची बोट उचलून बघितली. गुडघ्यापर्यंतसुद्धा आली नाही. तेव्हा समजलं तू गाण्याबिण्याच्या गप्पा कशाला मारतोस ते.”

वेंडेलने माझ्याकडे रागाने बघितलं. मी दोन्ही हात वर केले. शपथेवर सांगतो, मी ब्र काढला नव्हता.

“गाण्याचं खरंच आहे,” तो पुटपुटला.

“असेल. मी नाही म्हटलं का?” तिने त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि झाकण लावलं. “मला खुर्चीवर बसायचं नाहीये, वेंडेल.”

“किती हलकी करू?”

“मला पेलेल एवढी.”

मी पिवळी बोट तिथेच ठेवली आणि होडी बांधायची आहे असं सांगून निघालो. होडी आधीच बांधलेली होती.

त्या हिवाळ्यात वेंडेलने मोठी इंजिनं पेटीत भरून ठेवली आणि नायट्रोतल्या सगळ्यात लहान इंजिनाची बोट बांधली. आयुष्यभर मोठ्या इंजिनाची मिजास केलेला माणूस, आता पावाच्या दोन लाद्यांएवढी बोट कुशीत घेऊन सभेला आला. बर्निस म्हणाली, “लहान वर्ग चालेल. पण नियम तोच. चार.” थोरल्या प्रुइटने लगेच लहान बोट बांधायला घेतली. धाकटा म्हणाला, असली खेळणी मी चालवत नाही, आणि तो पेट्रोलकडे गेला. हार्लनने शिव्या देत देत एक बांधली. बर्निसने त्याच्यासाठी वेगळा कॅन आणला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘एरंडेल’ लिहून दिलं.

चौथी बोट माझी आहे. ती वेंडेलने बांधून दिली. मला अजूनही चालवता येत नाही. पहिल्या वळणापर्यंत जाते, दुसऱ्यावर मरते, मग बाकीचे तिला वळसा घालून शर्यत पुरी करतात, आणि शेवटी मीच होडी काढून तिला आणायला जातो. हार्लन काठावरून विचारतो, “एमेट, पार्थिव मिळालं का?” मिळतं. मेली तर मेली. बर्निस मोजते तेव्हा ती धरतात, आणि अर्डिथ निळा फ्रॉक वर खोचून, बूट काढून, पाण्यात उतरते.